पायलटला गाडी चालवता येत नाही

माझ्या हाताखालून गाडी न शिकता गेलेला माणूस उभ्या गोंदिया जिल्ह्यात एकच आहे, आणि तो आज हवाई दलाचं विमान चालवतो. हे मी चारचौघांत सांगितलं की लोक हसतात. हसा बापहो. सौंदडच्या नाक्यावर माझं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे, त्याला तीस वर्षं होत आली. डाव्या-उजव्यातला फरक न कळणारा एक सरपंच मी शिकवला, गिअर बदलताना डोळे मिटणाऱ्या एक बाई शिकवल्या. केशोरीचा एक धानाचा व्यापारी स्टेअरिंगला हात लावण्याआधी नमस्कार करायचा आणि भर वळणावर पुन्हा करायचा, तोही शिकवला. सगळे पास झाले. या एका पठ्ठ्यापुढे मात्र मी हात टेकले, आणि तरीही आयुष्यात कोणापुढे टोपी काढावीशी वाटली असेल तर ती त्याच्यापुढेच.

गावात त्याला नावानं कोणी हाक मारत नाही. तो पायलट आणि त्याची आई पायलटची माय, संपलं. अठराव्या वर्षी तो हवाई दलात लागला, पण उडणारा म्हणून नव्हे. विमान पुसून, तपासून, उडायला तयार करून देणारा जमिनीवरचा जवान म्हणून. चार वर्षं झाली आणि इकडे बाप वारला. एकुलता एक, म्हणून अर्जविनंत्या करून तो नोकरी सोडून आला, धान आणि माय सांभाळायला. वर्षभर त्यानं इमानानं सांभाळलं. मग एका सकाळी धानाच्या बांधीत, शेताच्या धुऱ्यावर उभी राहून मायच म्हणाली, "तुझं ध्यान बांधीत नाई. तू रोज वरतच पाहून राहिला. धान मी पाहीन, तू जा." गोंदियाजवळ बिरसीला धावपट्टी आहे, तिथं लहान विमानं शिकवतात. दोन एकर बांधी विकली गेली, आणि दोनेक वर्षांनी हा विमान चालवायचं सरकारी लायसन खिशात घालून सौंदडला उतरला. गावानं हार घातले. त्याच संध्याकाळी पानठेल्यावर कोणीतरी आपल्या जीपची चावी पुढे करून म्हटलं, एक चक्कर मारून दाखव. तेव्हा उघड झालं की याला गाडी येतच नाही. सायकल येते, विमान येतं, मधलं काही नाही.

पानठेल्यावर झालेलं हसू मायच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती त्याला घेऊन माझ्या दारात. "मास्तर, याले गाडी शिकवा. आभाळात कोनी हासत नाई, जमिनीवर हासून राहिले." मी म्हटलं, ज्याला विमान येतं त्याला गाडी म्हणजे आठ दिवसांचं काम. माय म्हणाली, "मी मागं बसीन. त्याले जवाब द्याले कोनी लागते." जवाब कसला ते मला तेव्हा कळलं नाही. वैशाख लागला होता. ती आठ दिवसांची शिकवणी आषाढात धानाची रोपं लावतात त्या रोवण्यापर्यंत चालली.

पहिल्या दिवशी तो गाडीत बसला तो डावीकडे, माझ्या जागेवर. विमानात मुख्य माणूस डाव्या बाजूला बसतो म्हणे. उठवून उजवीकडे बसवला तर पुन्हा खाली उतरला आणि गाडीभोवती फिरायला लागला. डाव्या दारापासून सुरुवात, मग चाक, मग बॉनेट, मग दिवे, असा पुरा वेढा. प्रत्येक वस्तूला हात लावायचा, टायरवर मूठ मारायचा, वाकून गाडीखाली बघायचा, आरशावरची कावळ्याची शिटसुद्धा त्यानं रुमालानं पुसली. तासातली वीस मिनिटं प्रदक्षिणेत गेली. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "अरे बाबा, गाडी शिकायला आलास की पूजेला?" तो मागच्या उजव्या चाकाशी बसला होता. शांतपणे म्हणाला, "मास्तर, याचे दोन नट ढिले आहेत." मी जाऊन पाहिलं. ढिले होते. ते किती दिवसांपासून ढिले होते आणि त्या चाकावर मी गावातल्या किती लेकीबाळींना नवेगावपर्यंत नेऊन आणलं होतं, हा विचार आला आणि मी पाना घ्यायच्या निमित्तानं घरात जाऊन दोन घोट पाणी प्यालो. त्यानंतर प्रदक्षिणेबद्दल मी चकार शब्द काढला नाही.

माझ्या गाडीचा हँडब्रेक जरा नावालाच होता, म्हणून मागच्या चाकाला मी वीट लावत असे. निघताना वीट काढायची आणि बाजूला फेकायची, ही तीस वर्षांची रीत. पायलटला ती चालेना. जो वीट काढेल त्यानं ती वर धरून गाडीतल्या माणसाला दाखवायची, गाडीतल्या माणसानं पाहायचं, मोठ्यानं "एक" म्हणायचं आणि मगच चावी फिरवायची. एकाच विटेत मोजायचं काय, असं मी विचारलं. "आज एक आहे, मास्तर. सवय दोनची असली पायजे," असं उत्तर मिळालं. मग मी, पन्नाशी उलटलेला, टक्कल पडलेला माणूस, रोज सकाळी नाक्यावर भर रस्त्यात वीट डोक्यावर धरून उभा राहायला लागलो. समोरच्या भजेवाल्यानं तर एकदा मला नमस्कारही केला.

मायनं द्यायचा जवाब म्हणजे काय, तेही त्याच दिवशी समजलं. हा एकेक वस्तू पुकारायचा आणि मागून उत्तर आल्याशिवाय पुढे सरकायचा नाही. "आरसा?" "पायला." "दारं?" "लागले." "पट्टा?" "बांधला." माऊलीला गाडीतलं ओ का ठो कळत नव्हतं, पण उत्तर देण्याआधी ती खरंच वाकून बघायची, आणि पट्टा नीट नसेल तर "थांब" म्हणून दरडावायची. हे त्यांच्या घरचंच वळण होतं. मी एकदा त्यांच्याकडे चहाला गेलो होतो, तेव्हा घर बंद करतानाचा पाठ ऐकला. "गॅस?" "बंद." "म्हैस?" "बांधली." "कुलूप?" "लावलं, दोनदा ओढून पायलं." बाप गेल्यापासून त्या दोघांच्या घरात एवढं तरी बोलणं रोज ठरलेलं होतं, असं माझ्या बायकोचं म्हणणं. ती असलं बरोबर ओळखते.

या पुकाऱ्यानं माझी अब्रू राखली, तेही सांगतो. त्याच वैशाखात माझ्या भाचीचं लग्न होतं. वऱ्हाड आलं, भटजी बसले, मंगलाष्टकांना पाच मिनिटं उरली, आणि हा मांडवाच्या खांबाशी उभा राहून सवयीनं पुटपुटायला लागला. "अक्षता?" माय म्हणाली, "वाटल्या." "हार?" "दोन आहेत." "अंतरपाट?" मायनं माझ्याकडे पाहिलं, मी मेव्हण्याकडे पाहिलं, मेव्हण्यानं आभाळाकडे पाहिलं. अंतरपाट घरी खाटेवर राहिला होता. शेवटी पायलटच्या मायनं आपली नवीकोरी शाल काढून दिली आणि लग्न तिच्यावर लागलं. मेव्हणा अजून लोकांना सांगतो की त्यानं शाल मुद्दामच ठरवली होती.

आता गाडीकडे येतो, कारण माझी हार झाली ती तिथंच. पहिली अडचण अशी की मी काहीही सांगितलं की ते तो आधी परत म्हणून दाखवायचा आणि मग करायचा. मी म्हणायचो, "डावीकडे घे." तो म्हणायचा, "डावीकडे घेतो." तोवर डावीकडचा रस्ता मागे पडलेला असायचा. विमानात खालून सांगितलेलं परत म्हणून दाखवावं लागतं, नाहीतर घोटाळा होतो म्हणे. आभाळ मोठं आहे, तिथं चालत असेल. सौंदडच्या बाजारात नाही चालत. मी सूचना शंभर पावलं आधी द्यायला लागलो आणि तेवढ्यावर निभावलं. दुसऱ्या अडचणीला मात्र औषध नव्हतं. विमान जमिनीवर असताना ते हातानं वळत नाही, पायांनी वळतं. डावा पाय दाबला की डावीकडे, उजवा दाबला की उजवीकडे. याच्या पायांत ते इतकं मुरलं होतं की डावीकडे वळायचं म्हटलं की डावा पाय क्लचवर जायचा आणि गाडी हवेत तरंगल्यासारखी सुटायची. उजवीकडे वळायचं म्हटलं की उजवा पाय ॲक्सिलरेटरवर, आणि मग देवाचं नाव. बरं, त्याला सगळं समजत होतं. रात्री वहीत लिहून काढायचा, सकाळी मला म्हणून दाखवायचा, आणि पहिल्या उजव्या वळणाला गाडी उधळायची. माझ्या बाजूच्या ब्रेकवर इतका जोर माझ्याकडून तीस वर्षांत पडला नसेल.

आषाढात व्हायचं ते झालं. नवेगावच्या रस्त्याला एका उजव्या वळणावर त्याचा उजवा पाय गेला, मी ब्रेक दाबला तरी गाडी ओल्या रस्त्यावर घसरली, आणि आम्ही धुरा ओलांडून थेट बांधीत. गुडघाभर पाण्यात रोवणा चालला होता. बाया कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, आणि त्यातली एक शांतपणे दुसरीला म्हणाली, "विमान उतरलं वो बाई." मी अजून माझ्या बाजूचा ब्रेक दाबूनच बसलो होतो. पायलट मात्र ओठ हलवत एकेक काम करत होता. चावी बंद, दिवे बंद, पट्टा सोडला, मागे वळून मायला विचारलं, "लागलं?" "नाई." मला विचारलं, मी मान हलवली. मग म्हणाला, "तिघंही ठीक आहोत. आता उतरा, माझ्या दारातून, माझ्या मागं." त्या आवाजात असं काही होतं की मी, त्याचा गुरू, मुकाट त्याच्या मागून चिखलात उतरलो. गाडी चालवताना ज्याचे पाय घोटाळतात तो माणूस गाडी पडल्यावर इतका स्थिर असतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. मायनं मोडलेले परे, धानाची ती कोवळी रोपं, पाहिली आणि एवढंच म्हणाली, "दुसऱ्याचा रोवणा आहे. उतर, लाव." आणि विमानाचं लायसन असलेला तो गडी पँट वर करून बायांच्या रांगेत वाकला आणि मोडलेला तुकडा पुन्हा लावून झाल्यावरच वर आला.

ट्रॅक्टर यायला वेळ होता. आम्ही धुऱ्यावर बसलो, आणि तिथं त्यानं मला पहिल्यांदा खरं सांगितलं. हवाई दलात पायलट म्हणून जायला त्यानं अर्ज केला होता. नोकरीत असताना बाहेरून दिलेली पदवी हातात यायला चोविसावं वर्ष उलटलं, आणि इतरांसाठी दार चोविसाव्यालाच बंद होतं. विमानाचं लायसन असलं तर सव्वीसपर्यंत उघडं राहतं, म्हणून तर बिरसी, म्हणून तर दोन एकर. लेखी परीक्षा झाली होती, म्हैसूरला बोलावणं आलं होतं, भादव्यात जायचं होतं. तिथं मुलाखतीनंतर एका यंत्रासमोर बसवतात. हातात दांडा, पायांत दोन पेडल, समोर पडद्यावर पळणारा ठिपका. "ते यंत्र जन्मात एकदाच भेटते, मास्तर," तो म्हणाला. "एकदा नापास झालो का हवाई दलात पायलट कधीच नाई. दुसऱ्यांदा बसूच देत नाई." मी विचारलं, मग काळजी कसली, तुला तर विमान येतं. तो पायांकडे पाहत राहिला. "आजवर माझे पाय पक्के होते. परवा बिरसीले सरावाले गेलो अन् विमान वळवताना मले ब्रेकची आठवन आली. पाय बिघडून राहिले."

अडीच महिने मी या पोराच्या पायांतलं काढून माझं भरत होतो, आणि ते खरंच भरलं जात होतं. मी जरा रागानंच विचारलं की एवढं होतं तर प्रवाशांची विमानं चालव ना, मान आहे, आराम आहे, लढाईच्या विमानाचा हट्ट कायले? तेव्हा त्यानं पिनांचं सांगितलं. लढाऊ विमानात पायलटच्या खुर्चीला लाल फिती लावलेल्या सुरक्षेच्या पिना असतात. उडण्याआधी खालचा जवान त्या उपसतो, खाली उतरून वर धरून दाखवतो, पायलट मोजतो, आणि विमान निघून जातं. "चार वर्षं मी पिना दाखवल्या. साहेब लोक चांगले होते, पन त्यांचं ध्यान पिनाईवर. बरोबरच आहे, काम तसं आहे. ते गेले का मी हात वर करून तसाच उभा राहो. मले एकदा त्या खुर्चीत बसून पिना मोजाच्या आहेत. अन् मंग दाखवनाऱ्याकडे पाहाचं आहे." मागे बसलेली माय पायांचा चिखल गवताला पुसत होती. तिला हे नवीन नसावं.

मी तिथल्या तिथं शिकवणी बंद केली. माझं रेकॉर्ड गेलं खड्ड्यात. याला आता क्लच दिसू नये, गाडीच्या बाजूनं चालूसुद्धा देऊ नये, असं मी मायला बजावलं. तर ती पदर खोचत म्हणाली, "मंग मले शिकवा. घरात कोनाले तरी आली पायजे. तुमचं नाव खराब होनार नाई." पन्नाशीची बाई, आयुष्यात बैलबंडीपलीकडे काही हाकलं नव्हतं. पण अडीच महिने तिनं मागच्या सीटवरून माझा एकेक शब्द ऐकला होता, आणि पाय फक्त चिखलानं शिकवलेले, म्हणजे कोरे. दुसऱ्या दिवशी ती बसली, आरसा स्वतःच पुकारला, स्वतःच जवाब दिला, आणि गाडी अशी सुरू केली की मी माझ्या बाजूच्या ब्रेकवरून पाय काढून घेतला. लर्निंगचा महिना संपताच गोंदियाला पहिल्या झटक्यात पास. पानठेल्यावर त्या संध्याकाळी कोणी हसलं नाही.

भादव्यात त्याला गोंदिया स्टेशनावर सोडायला मायच माझी गाडी घेऊन निघाली. मी मागे बसलो, म्हणजे जवाब द्यायची पाळी माझी. पण निघण्याआधी वीट त्यानं काढली. गाडीसमोर येऊन दोन्ही हातांनी वर धरली. माय स्टेअरिंगवर हात ठेवून बघत राहिली, इतका वेळ की मी मागून म्हटलं, "बाई, एकच आहे, मोजा." तिनं आधी त्याच्या तोंडाकडे पुरतं पाहून घेतलं आणि मग म्हणाली, "एक."

ते पाच-सहा दिवस कसे गेले ते विचारू नका. शिकाऊ पोरांवर मी विनाकारण ओरडलो, रोज संध्याकाळी पायलटच्या घरासमोरून चार चकरा मारल्या. मनात एकच, जन्मात एकदाच भेटणारं ते यंत्र आणि मी बिघडवलेले पाय. सहाव्या दिवशी त्याचा फोन आला तेव्हा मी योगायोगानं, म्हणजे मुद्दामच, तिथं होतो. मायनं फोन लाऊडवर ठेवला. ठिपका पळाला आणि याचा उजवा पाय ब्रेक शोधायला लागला. माझाच ब्रेक. दोन-तीन सेकंद सगळं गेलं असं त्याला वाटलं. "मंग मी मनातल्या मनात पुकारलं, माय. डावा पाय? अन् तुझा आवाज आला, आहे. उजवा? आहे. पाय जागेवर आले." पुढे म्हणाला, "पास झालो." मायनं फोन खाली ठेवला, कुलूप नसलेलं दार दोनदा ओढून पाहिलं, आणि चुलीशी जाऊन बसली. मी बाहेर येऊन माझ्याच गाडीच्या बॉनेटवर डोकं टेकून रडलो. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

वैद्यकीय तपासणी झाली, तो अकादमीत गेला, अधिकारी झाला, लढाऊ विमानावर लागला. गेल्या हिवाळ्यात पहिल्यांदा मोठ्या सुट्टीवर आला. तसाच शांत, फक्त खांदे जरा रुंद. गाडी अजून येत नाही, आणि आता मी शिकवतही नाही. त्या चार-पाच दिवसांत मी त्याला तिकडचं खूप विचारलं, पण तो घरचं, धानाचं, माझ्या नव्या शिष्यांचंच विचारत बसला. पिनांचं विचारायचं माझ्या जिभेवर चार वेळा आलं आणि राहिलं. त्याचे पाय बिघडवणारा मी, कुठल्या तोंडानं विचारायचं.

परतायच्या दिवशी माय ड्रायव्हरच्या जागी, तो तिच्या डाव्या हाताला, विमानात मुख्य माणूस बसतो त्या बाजूला. स्टेशनाला मी जाणार नव्हतो, स्कूलवर शिकाऊ पोरं खोळंबली होती. हँडब्रेक मी केव्हाच दुरुस्त करून घेतला होता, पण वीट लावलेली होती. ती मी काढली, समोर आलो आणि वर धरली. दोघांनी पाहिलं. मायनं "एक" म्हटलं आणि चावी फिरवली. त्याचं मात्र विटेकडे पाहून झालं होतं, आता तो माझ्याकडे पाहत होता. माझं टक्कल, माझी मळकी बंडी, माझे विटेवरचे हात, सगळं सावकाश, कुठं जायची घाई नसल्यासारखं. गाडी नाक्यावरून वळेपर्यंत त्यानं मान मागं ठेवली. तेव्हा मला कळलं की तिकडं कुठल्यातरी धावपट्टीवर पिना दाखवणाऱ्या कोण्या पोराकडे तो रोज असाच बघत असणार, आणि त्या पोराला घरी गेल्यावर बायको-आईला हे कसं सांगावं ते समजत नसणार.

गाडी दिसेनाशी झाल्यावरही मी वीट धरून उभा होतो. भजेवाला ओरडला, "मास्तर, ठेवा आता खाली." मी ठेवली.